बेळगावकडच्या मराठी पोरांना राज्य सरकार कसं शिकवायचं, कुठून सुरू करायचं आणि कुठं हमखास चुकतंय

चौथी-पाचवीतल्या पोराला विचारा, आपल्या विधानसभेत आमदार किती? बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मीडियमची बरीच पोरं छाती काढून २८८ सांगतात. चूक. २८८ महाराष्ट्राचे, आपल्या कर्नाटकाचे २२४. पण पोरांना बोलून काय उपयोग, घरात बघतात ते व्हिडिओ मराठी, कोल्हापूरच्या मामानं आणलेलं गाईड मराठी, आणि त्या सगळ्यात मंत्रालय मुंबईत नि हिवाळी अधिवेशन नागपूरला. वाचायला सोपं जातंय म्हणून पोरगं तेच पाठ करतंय आणि पेपरात मार्क जातात.

दुसरी चूक आपली, म्हणजे शिकवणाऱ्यांची. आपण राज्यपालापासून सुरू करतो. राज्यपाल, मग मुख्यमंत्री, मग मंत्री, आणि पोरापर्यंत यायच्या आत तास संपतो. दहा वर्षाच्या पोरानं राज्यपाल कधी बघितलेला नसतो, त्यानं बघितलेली असते बस, नळ, पोलीस आणि शाळेतलं दूध. म्हणून खाली दिलंय तो क्रम उलटा आहे, खालून वर. टप्पे गाळू नका, खास करून पहिला. तो गाळला की पुढचं सगळं पाठांतर होतंय.

## आधी तयारी

एका दिवसात उरकायचं नाही. आठवड्याला एक किंवा दोन टप्पे. जमलं तर नोव्हेंबरअखेर संपवा, कारण डिसेंबरात सहसा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन भरतंय आणि पेपर त्यानंच भरलेले असतात, पोरांना मग आपोआप कळायला लागतं.

घरून मागवायच्या वस्तू: हेस्कॉमचं लाइट बिल, आईचं बसमधलं शून्य रुपयांचं तिकीट, उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, पेपरातली कात्रणं. वर्गात लागतील तीन रिकामी खोकी, चिठ्ठ्या, एक घंटा आणि जिल्ह्याचा तालुके दाखवणारा नकाशा.

आणि एक कागद भिंतीवर. त्यावर फक्त कर्नाटकाचे आकडे, मोठ्या अक्षरात:

- विधानसभा: २२४ आमदार, ५ वर्षं, उभं राहायला वय किमान २५
- बहुमत: ११३
- विधान परिषद: ७५ सदस्य, प्रत्येकाला ६ वर्षं, वय किमान ३०
- मंत्री: मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ३४
- राजधानी: बेंगळूर. बेळगावात सुवर्ण विधानसौध, तिथं अधिवेशन भरतं
- बेळगाव जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ: १८

सावधान: लाइट बिलावरचा ग्राहक नंबर, दाखल्यावरचा आरडी नंबर, आधार नंबर हे सगळं मार्करनं झाकूनच वर्गात फिरवा. पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

सावधान: मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, राज्यपाल यांची नावं या कागदावर लिहू नका. जुन्या गाईडातली नावं बदललेली असतात, आकडे सहसा बदलत नाहीत. नावांसाठी एक वेगळी चिठ्ठी ठेवा, शिकवायच्या आदल्या दिवशी पेपर बघून लिहायची.

## टप्पा १: तीन खोकी

एका खोक्यावर लिहा 'गाव/शहर', दुसऱ्यावर 'राज्य', तिसऱ्यावर 'दिल्ली', म्हणजे केंद्र सरकार. आता चिठ्ठ्या काढायच्या आणि पोरांनी योग्य खोक्यात टाकायच्या. चिठ्ठ्या बेळगावच्याच पाहिजेत, पुस्तकातल्या नकोत.

सोप्या आधी. गल्लीतला कचरा आणि रस्त्यावरची लाइट महानगरपालिकेची, खेड्यात ग्रामपंचायतीची. पोलीस स्टेशन राज्याचं. सीबीटी बसस्टँडवरून सुटणारी बस वायव्य कर्नाटक परिवहनची, ती पण राज्याची. सिव्हिल हॉस्पिटल राज्याचं. हिडकल डॅम राज्याचा. पोस्ट दिल्लीचं. रेल्वे स्टेशन दिल्लीचं. सांबऱ्याचं विमानतळ दिल्लीचं. मराठा लाइट इन्फन्ट्री अर्थात दिल्लीची, कारण लष्कर राज्याच्या हातात नसतं.

मग फसव्या. कॅम्पमधला रस्ता कुणाचा? पोरं 'महानगरपालिका' म्हणून ओरडतात, पण कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि ते संरक्षण खात्याखाली येतं, म्हणजे दिल्ली. निपाणीहून बेळगावला येणारा हायवे राष्ट्रीय महामार्ग, दिल्ली. पण त्याच हायवेवर गाडी अडवून हेल्मेट विचारणारा पोलीस मात्र राज्याचा! इथं पोरं गोंधळतात, गोंधळू दे. रेशनचं धान्य दोन्हीकडचं असतं म्हणून ती चिठ्ठी दोन खोक्यांच्या मधे ठेवा. शाळेचंही तसंच, शिक्षणावर दोघंही कायदे करू शकतात, पण आपल्या सरकारी शाळेतल्या टीचरचा पगार, बदली, पुस्तकं हे राज्य बघतं.

माझं मत विचाराल तर या एका टप्प्याला दोन तास द्या. कोण काय करतं हे एकदा डोक्यात बसलं की मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांच्यात घोळ होत नाही.

तपासा: पोराला विचारा, 'आपल्या गावाला ट्रेन थांबत नाही, कुणाला सांगायचं?' आमदार म्हणालं तर परत खोक्यांकडे.

## टप्पा २: आपला आमदार कुठला

नकाशा काढा आणि प्रत्येकानं आपलं गाव शोधायचं. जिल्ह्यातले १८ मतदारसंघ असे: निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी, अरभावी, गोकाक, यमकनमर्डी, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, खानापूर, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. सगळे पाठ करायला लावू नका, आपला आणि शेजारचा आला की बस्स.

इथली नेहमीची चूक म्हणजे तालुका आणि मतदारसंघ एकच समजणं. बेळगाव शहरात दोन मतदारसंघ आहेत आणि तालुक्यातली बाकीची बरीच गावं ग्रामीणमध्ये येतात, तर काही यमकनमर्डीत. वडगावच्या पोराचा आमदार आणि हिंडलग्याच्या पोराचा आमदार एकच नाही. मतदार ओळखपत्रावर मतदारसंघाचं नाव छापलेलं असतंय, आईबाबांचं कार्ड बघून यायला सांगा, अंदाज नको.

खानापूरकरांनी जरा जास्त लक्ष द्या. जिल्हा बेळगाव, आमदार खानापूरचा, पण खासदार उत्तर कन्नड मतदारसंघाचा. कित्तूरचंही तेच. निपाणीचा खासदार चिक्कोडीचा. खासदार दिल्लीला जातो, आमदार बेंगळूरला, एवढं पुरे. गल्लीतल्या डिजिटल बॅनरवर कन्नडमध्ये 'शासकरु' असतं ते आमदारच, हे पण सांगून टाका, पोरं रोज बघतात आणि शासक म्हणजे राजा समजतात.

## टप्पा ३: वर्गाची निवडणूक

आता खरी मजा. समजा वर्गात ३६ पोरं आहेत. तिघातिघांचा एक मतदारसंघ करा, म्हणजे १२ मतदारसंघ. प्रत्येक तिघांनी चिठ्ठीवर गुप्त मत द्यायचं आणि एक आमदार निवडायचा. तिघांनी स्वतःलाच मत दिलं की टाय होतंय, आणि ते होणारच, तेव्हा नियम आधीच सांगा की स्वतःला मत चालणार नाही. तरी टाय झाला तर चिठ्ठी टाकून ठरवा, खऱ्या निवडणुकीतही समान मतं पडली तर चिठ्ठीच टाकतात.

उरलेल्या पोरांना मोकळं सोडू नका. ती जनता. त्यातली दोन पत्रकार, दोन अधिकारी, एक राज्यपाल. राज्यपाल पोरांनी निवडायचा नाही, तो टीचरनं नेमायचा. खऱ्या आयुष्यात राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात, मत मागून कुणी राज्यपाल होत नाही, आणि हा फरक पोरांना इथंच दिसला पाहिजे.

सावधान: पक्षांना खरी नावं, खरी चिन्हं देऊ नका. बेळगावात हे लगेच घरापर्यंत जातंय आणि दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी बाबा गेटवर उभे. पेन पार्टी, डबा पार्टी, दप्तर पार्टी चालेल.

## टप्पा ४: मुख्यमंत्री कसा होतो

१२ आमदार तीन पार्ट्यांत असे वाटा: पेन ५, डबा ४, दप्तर ३. मग विचारा, सरकार कुणाचं? सगळे ओरडणार पेन! तिथंच थांबवा. १२ चे निम्मे ६, बहुमताला ७ पाहिजेत. पेनकडे ५ च. आता त्यांचं त्यांना बोलू द्या, पाच मिनिटात डबा आणि दप्तर एकत्र येतात किंवा पेनवाले दप्तरला मंत्रिपद देऊ करतात. पोरं हे शिकवायच्या आधीच जाणतात, मला दरवेळी आश्चर्य वाटतं!

मोठ्या पोरांना खरं उदाहरण द्या. २०१८ च्या निवडणुकीत भाजपला १०४, काँग्रेसला ७८, जेडीएसला ३७ जागा होत्या. १०४ वाल्यांना बहुमत जमेना म्हणून मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेल्या भाजपच्या येडियुरप्पांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर ३७ जागांवाल्या जेडीएसचे कुमारस्वामी मुख्यमंत्री झाले. सगळ्यात जास्त जागा म्हणजे सरकार, हे डोक्यातून काढायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

क्रम पाळा, उलटा करू नका:

1. आधी सगळे आमदार शपथ घेतात
2. बहुमतवाला गट आपला नेता ठरवतो
3. राज्यपाल त्याला मुख्यमंत्री म्हणून शपथ देतात
4. मुख्यमंत्री मंत्र्यांची नावं देतो आणि राज्यपाल त्यांना शपथ देतात
5. आमदार आपल्यातला एक अध्यक्ष निवडतात, जो सभागृह चालवतो

(खऱ्यात तिसरा नंबर, कधी चौथा पण, सहसा पहिल्याच्या आधीच होतो, पण पोरांना हा क्रम समजायला सोपा.)

अध्यक्ष झालेला नेहमी मत देत नाही, दोन्हीकडे समान मतं पडली तरच देतो. हे काम वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोराला द्या. दुसऱ्यांना गप्प बसवता बसवता स्वतः गप्प बसतंय.

तपासा: 'मुख्यमंत्र्याला आपण थेट मत देतो का?' उत्तर नाही. आपण आमदाराला देतो.

## टप्पा ५: मंत्री, अधिकारी आणि नाडकचेरी

मुख्यमंत्र्याला चार खाती वाटू द्या: पाणी, सफाई, खेळ, पैसे. जास्त नकोत. खऱ्यातही कितीही मंत्री करता येत नाहीत, आमदारांच्या १५ टक्क्यांपर्यंतच, म्हणून २२४ ला ३४.

आता दाखल्याची झेरॉक्स काढा. हा दाखला मंत्र्यानं दिला का? नाही. आईबाबा नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले होते. नाडकचेरी तहसीलदाराखाली, तहसीलदार डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) हाताखाली, डीसी राज्य सरकारच्या महसूल खात्याचे, आणि त्या खात्याला एक मंत्री. पाच पोरांना रांगेत उभं करून एक कागद हातोहात वर पाठवा आणि परत खाली आणा. मंत्री बदलतात, निवडणूक हरतात, अधिकारी निवडून आलेले नसतात, ते परीक्षा देऊन आलेले असतात. डीसीला मत दिलं होतं म्हणणारी मोठी माणसं पण मी बघितलीत, पोरांचं काय घेऊन बसलाय.

इथं परत महाराष्ट्र घुसतो, सांभाळा. आपल्याकडे जिल्हा पंचायत, तालुका पंचायत, ग्रामपंचायत. गावात सरपंच नाही तर ग्रामपंचायत अध्यक्ष, आणि त्याला निवडून आलेले मेंबर निवडतात. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. परीक्षेत कर्नाटकाचंच लिहायचं.

आणि पोरगं एक प्रश्न विचारणारच: आपण मराठी, मग आपलं सरकार बेंगळूरला का? टाळू नका. सीमाप्रश्नाची केस महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात घातलीय आणि निकाल कोर्ट देणार, हे सरळ सांगा आणि या धड्यापुरतं तिथंच थांबा. घरी काय बोलतात ते घरी. पण आज लाइट, बस, दाखला, शाळा ज्या सरकारकडून येतंय ते कसं चालतं हे पोराला माहीत पाहिजे, हक्क मागायला पण ते लागतंच.

## टप्पा ६: कायदा करून बघा

हा टप्पा सगळ्यात रंगतो आणि सगळ्यात जास्त बिघडतो पण. बिघडतो कारण विषय फार मोठा घेतात, 'भ्रष्टाचार बंद करण्याचा कायदा' वगैरे. पोरांना त्यावर बोलायला काही नसतं. विषय वर्गातला घ्या. मी 'पाण्याची घंटा विधेयक' घेते: दिवसात दोन वेळा घंटा वाजेल आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं.

पाणीमंत्री उभा राहून वाचतो. मग चर्चा. एका वर्गात डबा पार्टीची एक पोरगी उठली आणि म्हणाली, घंटा झाली की सगळे एकदम नळावर पळणार, ढकलाढकली होणार, पहिलीची पोरं पडणार. मंत्र्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनंच दुरुस्ती सुचवली, एका रांगेतून दोघांनीच बाटल्या भरून आणायच्या. त्यावर वेगळं मतदान झालं, दुरुस्ती पास, मग अख्खं विधेयक पास. विरोधी पक्ष कशाला असतो हे त्या वर्गाला परत सांगावं लागलं नाही.

खऱ्या विधेयकाचा रस्ता फळ्यावर असा काढा: खातं मसुदा करतं → मंत्रिमंडळ मंजुरी देतं → विधानसभेत मांडतात → चर्चा, दुरुस्त्या, मतदान → विधान परिषद → राज्यपालांची सही → राजपत्रात छापून येतं. सही होईपर्यंत त्याला कायदा म्हणायचं नाही, विधेयकच.

विधान परिषद वर्गात करत बसू नका, वेळ जातो. एवढंच सांगा की ७५ जणांचं दुसरं सभागृह आहे, त्यातले २५ आमदार निवडतात, २५ पंचायत-पालिकांचे मेंबर, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि ११ राज्यपाल नेमतात. (शिक्षकांच्या मतदारसंघात प्राथमिकच्या टीचरना मत नसतं, हायस्कूलपासून वरच्यांनाच. आम्ही पोरांना लोकशाही शिकवायची आणि आम्हालाच मत नाही, असो.)

सावधान: 'दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक' असं बरीच जण शिकवतात. ते संसदेचं, दिल्लीचं. राज्यात अशी सोय नाही, परिषद विधेयक थोडे महिने अडवू शकते, शेवटी विधानसभेचं चालतं.

राज्यपाल झालेल्या पोराला सांगा, सही कर किंवा 'परत विचार करा' म्हणून एकदा परत पाठव. परत पाठवलं आणि सभागृहानं पुन्हा पास केलं तर सही करायची. पोरांना फाडून टाकायचा मोह होतो, तसं चालत नाही म्हणून आधीच बजावून ठेवा.

## टप्पा ७: शून्याचं तिकीट आणि पैसे

आईचं शून्य रुपयांचं तिकीट आता बाहेर काढा. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यात साध्या सरकारी बसनं फुकट जाता येतं. विचारा: ड्रायव्हरला पगार कोण देतं? डिझेल कुणाच्या पैशाचं? 'सरकार' म्हणतील. सरकारकडे कुठून आले? इथं शांतता पसरते.

मग दुकानाचं बिल दाखवा, त्यावरचा जीएसटी. पेट्रोल, दारू, जमीन खरेदीची नोंदणी, गाडीचा टॅक्स. बाबांच्या गाडीवर केए २२ किंवा केए २३ असेल तर रोड टॅक्स या राज्याला गेला, एमएच ०९ असेल तर तिकडे गेला. म्हणजे तिकीट फुकट नाही, पैसे दुसऱ्या खिशातून गेले. हे पैसे कुठं किती घालायचे याचा कागद म्हणजे बजेट, अर्थमंत्री दरवर्षी विधानसभेत मांडतात, बहुतेक वेळा मार्चमध्ये. विधानसभेनं मंजूर केल्याशिवाय मुख्यमंत्र्यालाही तिजोरीतला रुपया काढता येत नाही.

वर्गाच्या पैसेमंत्र्याला १०० खडे द्या आणि चारच खात्यांत वाटायला सांगा. खेळमंत्री ६० मागतो. भांडण होऊ दे.

आणि सीमेवरच्या पोरांना हे लगेच पटतं: कोगनोळीचा नाका ओलांडला की आईची शक्ती योजना संपते, तिकडे एसटीत महाराष्ट्राची अर्ध्या तिकिटाची योजना. राज्याच्या योजना राज्याच्या हद्दीपर्यंत.

## टप्पा ८: कोर्ट, थोडक्यात

कायदा चुकीचा वाटला तर कोर्टात जाता येतं. कर्नाटकाचं हायकोर्ट बेंगळूरला, आपल्या बेळगावकरांसाठी धारवाडचं खंडपीठ. मुंबई हायकोर्ट लिहिलं की मार्क गेला. यापेक्षा जास्त या वयात नको.

## टप्पा ९: सुवर्णसौधची ट्रिप

सगळ्यात शेवटी, आधी नाही. आधी नेलं तर पोरं फक्त बिल्डिंगसमोर फोटो काढून येतात. अधिवेशनाच्या दिवसांत पासशिवाय आत घेत नाहीत, आणि सौध आहे त्या हलग्याकडे आंदोलनं, पोलीस, ट्रॅफिक, म्हणून लहान पोरांना त्या दिवसांत परवानगी आणि वेळ पक्की ठरल्याशिवाय नेऊ नका. जाताना प्रत्येकाकडे एक काम द्या: अध्यक्षाची खुर्ची कुठं, मंत्री कुठल्या बाजूला, विरोधक कुठं, पत्रकार कुठून बघतात. ही इमारत २०१२ ला सुरू झाली म्हणून बेळगाव राजधानी झालं असं काही पोरं लिहितात, राजधानी बेंगळूरच.

## शेवटची तपासणी

लेखी पेपर नको, तोंडी घ्या. प्रत्येकाला वेगळा प्रश्न, आणि चुकलं तर त्याच टप्प्यावर परत:

- गल्लीतला कचरा दोन दिवस उचलला नाही, आधी कुणाकडे जायचं? चुकलं तर टप्पा १.
- तुझा आमदार आणि तुझा खासदार एकाच नावाच्या मतदारसंघाचे का? टप्पा २.
- २२४ पैकी ११० आमदार आहेत, सरकार होईल का? 'नाही' म्हणालं तरी अर्धंच बरोबर. 'अजून तिघांनी पाठिंबा दिला तर होईल' म्हणालं तर पूर्ण. टप्पा ४.
- डीसींना कोण निवडून देतं? टप्पा ५.
- विधानसभेनं पास केलं, राज्यपालांची सही राहिलीय, कायदा झाला का? टप्पा ६.
- शून्याच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले? टप्पा ७.

आणि मधेच, सहज, बेसावध असताना विचारा: आपल्या विधानसभेत आमदार किती? परत २८८ आलं तर पोराला रागावू नका, घरचं गाईड मागून घ्या आणि कपाटात ठेवा.